दोन मैलांचा चित्रपट, तीन आण्यांत

बायोस्कोपच्या पहिल्या दिवसांत खेळवाल्याला चित्रपटाची गोष्ट सांगत बसायची गरज नव्हती. तो विचारायचा, किती फूट? रिळं फुटाच्या दराने विकली जात. अब्दुलअली युसुफअलींसारखे तंबूवाले ती विकत घेऊन गावोगाव हिंडत. एका गावाचा कंटाळा आला की तंबू पुढच्या गावी, पण रिळं तीच. १९०७च्या सुमारास फ्रान्सच्या पाथे कंपनीने विक्रीऐवजी भाड्याची वाट धरली आणि हळूहळू धंद्याची रीतच बदलली. आता एका जागी पक्की इमारत बांधून बसलेल्या मालकाला दर आठवड्याला नवं काहीतरी लागू लागलं. ते त्याच्या गळी उतरवणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं.

दादासाहेब फाळक्यांना ते पुरतं ठाऊक होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनी आधी २१ एप्रिल १९१३ला मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला. लोकांसाठी तो ३ मेला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तिथेही नुसत्या पडद्यावर भरवसा नव्हता. नाच, विनोदी प्रवेश, पायांवर वस्तू झेलणारा कसरतपटू असा सगळा मसाला जोडीला होता. नवा माल चालेल की नाही याची धास्ती असलेल्या मालकाने जुना, खपणारा माल शेजारी मांडावा, तसंच हे.

खरी परीक्षा मुंबईबाहेर झाली. सुरतेची हकीकत अनेकांनी सांगितली आहे. पहिल्या खेळाचा गल्ला म्हणे जेमतेम तीन रुपये. तिथल्या थिएटरवाल्याची तक्रार रास्त होती. त्याच पैशांत लोकांना रात्र सरेपर्यंत नाटक बघायला मिळतं, मग तासाभरात संपणाऱ्या खेळाला कोण येणार? फाळक्यांनी खेळ लांबवला नाही, जाहिरात लांबवली: ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचा चित्रपट, दर फक्त तीन आणे. दुसऱ्या दिवशी गल्ला तीनशेवर गेला, असं सांगतात.

यातला हिशेब मजेशीर आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. ५७,००० भागिले १६ म्हणजे साधारण ३,५६० फूट. चित्रपटाची नोंदलेली लांबी सुमारे ३,७०० फूट. म्हणजे छायाचित्रांचा आकडा चोख होता, उलट थोडा कमीच. मैलांचं मात्र काय सांगावं! ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. पण गज आणि वाराने कापड मोजून घेणाऱ्या सुरतेला लांबीची भाषा कळणार, हे ज्याने ओळखलं त्याला थोडी माप-चोरी माफ करावी.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दुसरा मार्ग काढला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चालक स्वतःच चित्रकार, त्यामुळे थिएटरच्या दारावर निव्वळ अक्षरांच्या पत्रकाऐवजी रंगवलेली चित्रं आली. १९२४च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे आज टिकून असलेल्या भारतीय चित्र-पोस्टरांतलं सर्वांत जुनं मानलं जातं. कथासार आणि फोटो असलेल्या पुस्तिकाही त्यांनी छापल्या. मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता: गर्दी जमवण्याचं निम्मं काम निर्माताच करून देत होता.

विदेशी कंपन्यांना इतकी मेहनत घ्यावी लागत नव्हती. युनिव्हर्सलने १९१६मध्येच भारतात बस्तान मांडलं. गाजलेल्या नटाचा एक चित्रपट हवा तर त्याच्यासोबत अख्खा गठ्ठा उचला, त्यातले काही न बघताच, ही अमेरिकेतली रीत इथेही आली. शिवाय हे चित्रपट आपला खर्च मायदेशीच वसूल करून आलेले, म्हणून भाडं कमी. देशी निर्मात्याला सगळी वसुली इथल्या मोजक्या थिएटरांतूनच करायची, म्हणून त्याचं भाडं जास्त. १९२७मध्ये सरकारने टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तेव्हा देशात दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांपैकी सुमारे ८५ टक्के विदेशी होते. गर्दी मात्र देशी चित्रपट खेचत, अशा साक्षी समितीपुढे झाल्या.

फाळक्यांच्या त्या ‘दोन मैलां’पैकी आज पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं आहे. आणि तेही १९१७मध्ये नव्याने चित्रित केलेल्या आवृत्तीचं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.