माणसं मोजली, वयं राहिली

गणपतीत कोकणातली कुठलीही वाडी बघा. घराघरांत पोरं, अंगणात गाड्या, रात्री उशिरापर्यंत आरत्या आणि भजनं. विसर्जन आटोपून चाकरमानी मुंबईकडे निघाले की आठवडाभरात तीच वाडी सत्तरीची होते. नुसती माणसं कमी होत नाहीत, वाडीचं वयच बदलतं. एखाद्या गावाला शाळा किती लागेल, दवाखाना कसला लागेल, एसटी किती वाजता हवी, हे बऱ्याच अंशी या वयावर ठरतं.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गही घटला. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. २०११ साली राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत मात्र ११२२. एवढे पुरुष कुठे गेले, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही.

लोकसंख्याशास्त्रात वयाप्रमाणे माणसांचे थर एकावर एक रचून मनोरा काढतात. तळाला लहान मुलं, वर म्हातारी माणसं. मनीऑर्डरच्या काळातल्या कोकणाचा मनोरा काढला तर तो डमरूसारखा दिसेल: बाप मुंबईच्या गिरणीत, बायको, मुलं आणि आईवडील गावी. कंबर बारीक, पण तळ भरलेला, म्हणून शाळाही भरलेली. पुढे कुटुंबंच्या कुटुंबं विरार, डोंबिवली, दिव्याकडे गेली, मुलंही तिकडेच जन्मू लागली. त्यात राज्याचा एकूण जननदर २०१९–२१ च्या पाहणीत १.७ वर आला, म्हणजे दोन पालकांमागे दोन मुलंही नाहीत. तळ दोन्ही बाजूंनी झिजला.

शाळेचं गणित इथे अडतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. मुलं ५५ असोत की सहा, शिक्षक दोनच, छप्पर एकच. मुलं कमी झाली म्हणून खर्च त्या मापात उतरत नाही, दर मुलामागे तो चढत जातो. म्हणून कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची भाषा सुरू होते. पण ज्या वाडीत सहाच मुलं उरली आहेत, तिथे पुढची शाळा पऱ्यापलीकडे असते आणि पावसाळ्यात तो पऱ्या दुथडी भरून वाहतो. मला विचाराल तर पटाचा आकडा एकटा पाहून शाळेवर निर्णय घेणं चूक आहे.

दवाखान्याचं उलट. २०१७–१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, मागच्या १५ दिवसांत आजारी होतो असं सांगणारे एकूण लोकांत सुमारे ७.५ टक्के होते. साठीपुढच्यांत तेच प्रमाण जवळपास २८ टक्के. आता डोंगराळ भागातलं आरोग्य उपकेंद्र घ्या, ते साधारण ३,००० वस्तीला एक मिळतं. एका ठिकाणी शंभरात ८ ज्येष्ठ आहेत असं धरू, दुसरीकडे २०. पहिल्या ठिकाणी पंधरवड्यात ६७ आजारी ज्येष्ठ होतील, दुसरीकडे १६८. दोन्हीकडे उपकेंद्र एकच. शिवाय आजारही वेगळे: एकीकडे लसीकरण आणि बाळंतपणं, दुसरीकडे बीपी, साखर, मोतीबिंदू, गुडघे, अंथरुणाला खिळलेली माणसं. पहिल्या कामासाठी ठरलेल्या दिवशी बाळाला केंद्रावर आणता येतं. दुसऱ्यासाठी सिस्टरलाच घाटी चढून घरी जावं लागतं. आपले निकष डोकी मोजतात, ती डोकी काळी आहेत की पांढरी हे बघत नाहीत. सगळ्या दुखण्याचं मूळ मला इथे दिसतं.

केरळने २००८ मध्येच घरी जाऊन शुश्रूषा करण्याचं धोरण आखलं आणि ते काम पंचायतींकडे दिलं. तिथलीही तरुण मंडळी आखातात गेलेली, घरी आईवडील.

वयाचा परिणाम नुसत्या मागणीवर होत नाही, ती भागवणाऱ्या हातांवरही होतो. म्हाताऱ्या घराला नारळ पाडायला पाडेली हवा, पावसाआधी कौलं परतायला माणूस हवा, सिलिंडर उचलणारं कुणीतरी हवं. हे सगळं तरुण अंगाचं काम, आणि तेच वय गावात नाही. आंब्याच्या बागांत आज नेपाळी मजूर राखणीला आणि कामाला दिसतात, ते याच पोकळीत आले. त्यांची लहान मुलं बागेतल्या खोपटात वाढतात. अंगणवाडीच्या यादीत त्यांचं नाव लागायला हवं, कारण कित्येक वाड्यांत त्या वयाची तीच मुलं आहेत.

एसटी ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ पासून मोफत आहे, त्याखालच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट. सवलत उत्तमच. पण गाडी शाळा-कॉलेजच्या वेळेला धावते आणि आजीला तालुक्याला डॉक्टर भेटतो अकराला. परतीची गाडी थेट संध्याकाळी.

उपनगरांनी मात्र निश्चिंत राहू नये. नव्या वसाहतीत सगळे साधारण एकाच वयात घर घेतात, म्हणून आधी बालवाड्यांना रांगा लागतात, मग क्लासेसना. चाळीस वर्षांनी तीच पिढी लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर अडकून बसते. जुन्या डोंबिवलीत हे आजच दिसतं.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. वयाचे तक्ते त्यानंतर हाती येतील, पण तोवर थांबायची गरज नाही. यंदा अंगणवाडीच्या वहीत चार तान्ह्या बाळांची नावं असतील तर सहा वर्षांनी पहिलीत कोण बसणार हे आजच कळतं, आणि कोणत्या घरात ऐंशीची आजी एकटी आहे हे आशाताईला तोंडपाठ असतं. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी होतो. त्या ग्रामसभेत ही वही आणि आशाताई, दोघींना समोर बसवा.