फिटनेस बँड की स्मार्टवॉच?

मनगटावरचं ते काळं, चमकणारं यंत्र बँड आहे की घड्याळ, हे आता नुसतं बघून सांगता येत नाही. पूर्वी रबरी पट्ट्यात बारीक उभा पडदा दिसला की फिटनेस बँड आणि मोठी तबकडी दिसली की स्मार्टवॉच, एवढं पुरत होतं. आता बँडचे पडदे रुंद झाले आहेत, त्यांवर मेसेज दिसतात, गाणं बदलता येतं. उलट स्मार्टवॉच म्हणून विकली जाणारी बरीच स्वस्तातली घड्याळं आतून बँडच असतात, फक्त चौकट मोठी. त्यामुळे 'मला जास्त हालचाल करायची आहे, तब्येत सुधारायची आहे, यातलं काय घेऊ?' याचं उत्तर खोक्यावरच्या नावात सापडत नाही.

ओळखायची त्यातल्या त्यात भरवशाची खूण म्हणजे त्यावर बाहेरची ॲप्स टाकता येतात का, हे बघणं. ॲपल वॉच किंवा वेअर ओएसवर, म्हणजे गूगलच्या घड्याळांसाठीच्या प्रणालीवर, चालणारी घड्याळं हे छोटे संगणकच आहेत. त्यांच्यावर नकाशा उघडतो, पैसे देता येतात, काही मॉडेलमध्ये सिम असल्यामुळे फोन घरी ठेवूनही कॉल घेता येतो. बँड मात्र कंपनीने ठरवून दिलेली मोजकी कामं करतो आणि सगळा हिशेब फोनमधल्या ॲपकडे पाठवतो. बॅटरीचा फरक इथूनच सुरू होतो. बँड साधारण आठवडा-दोन आठवडे चालतो, तर संपूर्ण स्मार्टवॉचला बहुधा एक-दोन दिवसांत चार्जर लागतो. मधे गार्मिनसारख्यांची खेळाडूंसाठीची घड्याळं येतात. दिसायला घड्याळ, पण वृत्तीने बँड: ॲप्स कमी, मोजमाप जास्त, बॅटरी दमदार.

तब्येतीच्या दृष्टीने बघायला गेलं तर दोघांचे मूळ सेन्सर जवळजवळ तेच आहेत. ही गोष्ट जाहिरातींत सहसा सांगितली जात नाही. दोघांतही हालचाल टिपणारा ॲक्सेलरोमीटर असतो आणि मागच्या बाजूला ते हिरवे दिवे असतात. त्यामुळे 'महागडं घड्याळ पावलं जास्त अचूक मोजतं' असं सरसकट म्हणता येत नाही.

ॲक्सेलरोमीटर तीन दिशांतला वेगबदल सतत नोंदवतो आणि त्या आलेखात चालण्यासारखी लय सापडली की पाऊल धरतो. पाय हलले की नाही हे त्याला कळत नाही. कळतं ते मनगट. म्हणून बाळाची गाडी किंवा सामानाची ट्रॉली दोन्ही हातांनी ढकलत चाललात तर पावलं बुडतात आणि बसल्या जागी टाळ्या वाजवल्या तर काही फुकटची जमा होतात. दिवसाच्या एकूण आकड्यात हे बरंचसं खपून जातं. सायकल चालवताना मात्र पावलांचा आकडा निरर्थकच असतो. तिथे वेळ आणि ठोके बघावेत.

हिरव्या दिव्यांचं काम जास्त गमतीचं आहे. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत क्षणभर रक्त वाढतं, परतणारा प्रकाश कमी होतो, आणि हा चढउतार मोजून ठोके काढले जातात. तुम्ही शांत बसलेले किंवा झोपलेले असाल तर हे छान जमतं. पण वजनं उचलताना मूठ आवळली, पट्टा सैल असला, गारठ्याने त्वचेतलं रक्त आटलं किंवा मनगटावर गडद टॅटू असला की गणित बिघडतं. झटपट वेग वाढवायचा-कमी करायचा अशा व्यायामात मनगटावरचा आकडा मागेच रेंगाळतो. अचूक ठोकेच हवे असतील तर छातीचा पट्टा अजूनही सरस, कारण तो हृदयाचा विद्युत संकेत थेट पकडतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने बिनतारी छातीपट्टा १९८२ मध्येच बाजारात आणला होता, म्हणजे ही नवी करामत नव्हेच. मनगटावर काहीही बांधा, ते मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि घसरणार नाही इतपत घट्ट बांधा. महागडं मॉडेल घेण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

आता कॅलरी. हा आकडा दोन्ही यंत्रं मोठ्या आत्मविश्वासाने दाखवतात आणि दोन्हींच्या बाबतीत तो सर्वांत कच्चा असतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० स्वयंसेवकांवर मनगटावरची सात यंत्रं तपासली. त्यांतल्या सहांनी हृदयाचे ठोके ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले. खर्च झालेल्या ऊर्जेत मात्र सर्वांत बरं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. त्यानंतर यंत्रं सुधारली असली तरी मूळ अडचण तीच आहे. ठोके मोजले जातात. कॅलरी मात्र वय, वजन, उंची आणि ठोके एका सूत्रात घालून अंदाजाने काढल्या जातात, आणि दोन माणसांची शरीरं त्या सूत्रात सारखी बसत नाहीत. ॲपने ४०० कॅलरी जळल्याचं सांगितलं म्हणून तेवढंच वाढून घेणं हा या यंत्रांचा सर्वांत घातक वापर आहे, असं माझं मत आहे.

झोपेचंही थोडं तसंच. एकूण किती वेळ झोपलात, हे बऱ्यापैकी कळतं. गाढ झोप किती, स्वप्नांची किती, हा रंगीत आलेख मात्र अंदाज असतो. खरी तपासणी करताना प्रयोगशाळेत डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी टिपतात. मनगटाला त्या दिसत नाहीत. निश्चल पडून छताकडे बघत राहिलात तर यंत्र त्यालाही झोप समजण्याची शक्यता असते. झोपेचा गुणांक सुधारायच्या नादात झोप उडालेल्यांसाठी संशोधकांनी २०१७ मध्ये 'ऑर्थोसोम्निया' हा शब्दही सुचवला. रक्तातल्या ऑक्सिजनचा किंवा 'स्ट्रेस'चा आकडा वरवर पाहण्यापुरता ठीक. सुई न टोचता रक्तातली साखर दाखवतो म्हणणारं घड्याळ मात्र सरळ बाजूला ठेवा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांविरुद्ध आणि अंगठ्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. मधुमेही माणसाने त्या आकड्यावरून औषधाची मात्रा ठरवली तर जिवावर बेतू शकतं.

मग फरक पडतो कुठे? पहिली जागा जीपीएस. साध्या बँडमध्ये तो बहुधा नसतो. तो फोनचा जीपीएस उसना घेतो. फोन बरोबर नसेल तर पावलं गुणिले पावलाची अंदाजे लांबी, असं अंतर काढतो. चालणाऱ्याला याने काही बिघडत नाही. पण फोन न घेता पळायचं आहे आणि दर किलोमीटरचा वेग बघून सराव करायचा आहे, तर आतच जीपीएस असलेलं घड्याळ घ्यावं. काही बँडमध्येही हल्ली तो येतो, पण चालू ठेवला की आठवड्याची बॅटरी तासांवर येते. जीपीएस वापरायचा तर ॲपमधली गोपनीयतेची सेटिंग आधी बघा. स्ट्राव्हा या ॲपने प्रसिद्ध केलेल्या व्यायामाच्या जागतिक नकाशावर लष्करी तळांमधल्या धावण्याच्या वाटा उजळून दिसत असल्याचं जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं. तुमची रोजची धाव तुमच्या दारातून सुरू होऊन दारातच संपते, हे त्याच नकाशाचं घरगुती रूप.

दुसरी जागा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत संकेताचा आलेख. २०१८ च्या ॲपल वॉच सिरीज ४ पासून ही सोय सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोचली आणि आता ती इतर काही कंपन्यांच्या घड्याळांतही असते. दुसऱ्या हाताचं बोट ठराविक जागी टेकवून अर्धा मिनिट बसायचं, की एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारा, आलेख मिळतो. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं बेताल थरथरणं, त्यात दिसू शकतं. हृदयविकाराचा झटका त्यात कळत नाही. छातीत दुखत असताना घड्याळाकडे बघत बसू नये. वय साठीच्या पुढे असेल, अधूनमधून धडधड होत असेल आणि डॉक्टरांनीच नोंदी ठेवायला सांगितल्या असतील, तर या एका कारणासाठी घड्याळावर जास्त खर्च करणं पटतं. धडधाकट तरुणाला त्याचा उपयोग थोडाच. ॲपलच्या पाठबळावर झालेल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात अनियमित ठोक्यांची सूचना जेमतेम ०.५२ टक्के लोकांना मिळाली, आणि तीही ईसीजीवरून नव्हे, त्या हिरव्या दिव्यांवरून.

तिसरी जागा चार्जर, आणि माझ्या मते नवख्या माणसासाठी हीच सर्वांत महत्त्वाची. रोज काढून ठेवावं लागणारं यंत्र रोज परत घातलं जातंच असं नाही. रात्री चार्जिंगला लावलं की झोप नोंदली जात नाही. सकाळी लावलं तर फिरायला जाताना ते टेबलावरच राहतं. आठवडाभर विसरून जाता येणारा बँड सलग नोंद देतो, आणि या यंत्रांची खरी किंमत सलग नोंदीत आहे. आजचा विश्रांतीचा ठोका, म्हणजे शांत असताना मिनिटाला पडणारे ठोके, ६८ आहे की ७१, याला अर्थ नाही. तीन महिन्यांत तो हळूहळू उतरतोय का, याला आहे.

चौथी जागा मेसेजची. स्मार्टवॉच उठून चालायची आठवणही करून देते आणि ऑफिसचा ईमेलही तिथेच आणून टाकते. ज्यांना फोन सारखा हातात घ्यायची सवय मोडायची आहे, त्यांनी या बाजूचा विचार करावा. दोन्ही प्रकारांत सूचना बंद करता येतात, हे खरं. बंद करतं कोण, हा वेगळा प्रश्न.

घेतलंच, तर १०,००० पावलांचं लक्ष्य दोन्हींत बऱ्याचदा आधीच भरलेलं सापडेल. हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानमध्ये 'मानपो-केई' या नावाचा पावलं मोजणारा डबा विकायला आला. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मापक. गोल आकडा होता, चिकटला. अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवरच्या २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० पावलंवाल्यांपेक्षा बराच कमी आढळला, आणि साधारण ७,५०० नंतर फायद्याची वाढ थांबली. म्हणून पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त मोजा, आणि जो आकडा येईल त्यावर हजार-दीड हजार चढवून लक्ष्य ठेवा. पावलांचा कंटाळा येत असेल तर मिनिटं बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. यातला दुसरा भाग ही यंत्रं सहसा नीट मोजत नाहीत, आणि जे मोजलं जात नाही ते आपण विसरतो.

यंत्राने खरंच फरक पडतो का? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत सगळ्यांनाच आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन होतं. पुढे एका गटाला दंडावर बांधायचं यंत्र मिळालं, दुसऱ्याने स्वतःच नोंदी ठेवल्या. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं, बिनयंत्रवाल्यांचं ५.९ किलो. उलट २०२२ मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या व्यापक आढाव्यात ट्रॅकर वापरणारे दिवसाला सुमारे १,८०० पावलं जास्त चालताना दिसले, पण वजनातला फरक किलोभराचाच होता. दोन्ही एकत्र वाचली तर यंत्रं चालायला लावतात, बारीक करायला नाही, एवढं म्हणता येतं. वजन हा मुख्य हेतू असेल तर बँड विरुद्ध घड्याळ या वादात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

माझा कल सांगतो. सध्या बैठं जीवन आहे आणि फक्त जास्त चालायचं आहे, तर साधा बँड घ्या. बाहेर पळता किंवा सायकल चालवता, तर जीपीएसवालं खेळाचं घड्याळ. हृदयाच्या लयीची शंका असेल किंवा फोनशिवाय बाहेर पडायचं असेल तरच संपूर्ण स्मार्टवॉच, तेही ती तुमच्या फोनशी जुळते का हे पाहून. ॲपल वॉच अँड्रॉइड फोनशी जोडताच येत नाही.

नंतर एका प्रकारातून दुसऱ्यात गेलात, तर जुने आकडे पुढे जोडू नका. दोन यंत्रं पावलं आणि झोप वेगवेगळ्या सूत्रांनी काढतात, त्यामुळे नवं घड्याळ चढवल्याच्या दिवशी तुमची दोन हजार पावलं अचानक वाढलेली किंवा घटलेली दिसू शकतात. आठवडाभर दोन्ही एकाच हातावर घालून फरक लिहून ठेवला, की पुढच्या आलेखातली ती पायरी कशामुळे आली हे लक्षात राहतं.