टाइप-सीचा चार्जर आधी चौकशी करतो

भाच्याने मागवलेला स्वस्तातला ट्रिमर परवा ‘डेड पीस’ म्हणून परत जायला निघाला होता. लॅपटॉपच्या चार्जरला लावला तर दिवाच लागेना. जुन्या मोबाइलच्या चार्जरवर मात्र मुकाट चार्ज झाला. दोन्ही केबलींचं ट्रिमरकडचं तोंड तेच, टाइप-सी. मग गोम कुठे?

ती केबलीच्या दुसऱ्या टोकाला. जुन्या चपट्या यूएसबी-ए खाचेत ५ व्होल्ट कायम हजर असतात. सी-टू-सी केबलीची दोन्ही तोंडं सारखी, त्यामुळे कुणी दोन चार्जरच एकमेकांना जोडून ठेवले तर? म्हणून टाइप-सीचा चार्जर समोर कोण आहे हे कळल्याशिवाय वीज सोडत नाही. त्याच्या २४ पिनांपैकी दोन, सीसी१ आणि सीसी२, या चौकशीसाठी आहेत.

चौकशीची रीत मला फार आवडते. चार्जर सीसी पिनेला एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट जोडतो. उपकरणात तीच पिन ५.१ किलोओहममधून ग्राउंडला गेलेली असते. झाला शाळेतला व्होल्टेज विभाजक, म्हणजे दोन रेझिस्टरांत व्होल्टेज वाटून घेणारी जोडणी! चार्जरचा रेझिस्टर ५६ किलोओहमचा असेल तर पिनेवर ०.४२ व्होल्ट उरतात, म्हणजे ‘बेताने घे’. २२ चा असेल तर ०.९४, म्हणजे दीड अँपिअरपर्यंत घे. १० चा असेल तर १.६९, म्हणजे ३ अँपिअर. केबलीत सीसीची तार एकच असल्याने व्होल्टेज कोणत्या पिनेवर आलं यावरून प्लग सुलटा की उलटा हेही कळतं.

ट्रिमरवाल्याने बहुधा हे किरकोळ किमतीचे दोन रेझिस्टरच गाळले. चार्जरच्या दृष्टीने समोर कुणीच नाही!

त्याच सीसी तारेवर पुढे ‘पॉवर डिलिव्हरी’ची, म्हणजे जास्त व्होल्ट-अँपिअर मागण्या-देण्याची, डिजिटल बोलणी होतात. २० व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे १०० वॅट. २०२१ पासून २४० वॅटपर्यंत. मागणी आली नाही तर ५ व्होल्टच. त्यामुळे ‘६५ वॅटचा चार्जर फोन जाळतो’ ही भीती मोबाइलमागे ‘रेडिएशन शोषणारा’ स्टिकर लावण्याच्याच जातीची.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीचं केलं. तोंड एक झालं, केबली नाहीत: दिसायला सारख्या, पण डेटा नेण्यात कित्येक आतून सेकंदाला ४८० मेगाबिटवरच अडलेल्या.

ट्रिमर परत गेला नाही. त्याची ए-टू-सी केबल रबरबँडने त्यालाच बांधून ठेवली आहे.