प्लेटवरचा नंबर म्हणजे जन्मदाखला नव्हे

ठाण्यातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांत एक समज पक्का आहे: जुन्या फेंडर कंपनीच्या बास गिटारच्या मागच्या, नेक (म्हणजे दांडा) जिथे बसवतात तिथल्या प्लेटवरचा नंबर पाहिला की साल कळलं, आणि साल जुळलं की माल अस्सल. मागच्या महिन्यात नौपाड्यात एकाने याच भरवशावर इसार द्यायची तयारी केली होती.

पण १९७६पर्यंत हा नंबर बहुधा प्लेटवरच ठोकलेला असे, आणि प्लेट स्क्रू काढले की निघते. शिवाय कारखान्यात डब्यातून हाताला येईल ती प्लेट लावत, त्यामुळे लागोपाठच्या वर्षांचे नंबर एकमेकांत मिसळलेले असतात. नंबरावरून अंदाज बांधता येतो, एवढंच.

खरी माहिती आत. नेक काढली तर तिच्या बुडाशी अनेकदा तारीख सापडते, अर्थात ती नेक तयार झाल्याची. मग व्हॉल्यूम-टोनचे पॉट, म्हणजे त्या बटणांखालचे विजेचे भाग, पाहा. १३७६६१२ असा आकडा असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि १२ म्हणजे बारावा आठवडा. बास त्याआधीचा नाही; नंतरचा असू शकतो, कारण पॉट कधीकधी बराच काळ पडून असत. अर्थात, पॉट मूळचेच हवेत. पॉटच्या वायरींना सोल्डरचा डाग नव्याने दिलेला दिसला की माझा तरी विश्वास उडतो.

आणि रंग! हौसेने चकचकीत करून घेतलेला बास विकताना साधारण निम्म्या किमतीवर येतो. टवके उडालेला मूळ रंग तसाच राहू द्या.