गरजू पक्षकारांसाठी विनामूल्य वकिली : विधी सेवा पॅनेल आणि ‘न्याय बंधू’ नोंदणीची पात्रता, कागदपत्रे व प्रक्रिया

वकिलीत चार-पाच वर्षे काढलेल्या अनेकांची मनापासून इच्छा असते की, फी परवडत नाही अशा माणसांची काही प्रकरणे आपण विनामूल्य चालवावीत. प्रत्यक्षात ही मदत बहुधा ओळखीच्या वर्तुळातच राहते. शेजाऱ्याच्या भावाचा जामीन किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंच्या पोटगीचा अर्ज अशी कामे होतात, परंतु ज्याला न्यायालयाच्या आवारात कोणीच ओळखत नाही, त्या कच्च्या कैद्यापर्यंत किंवा परगावाहून कामाला आलेल्या मजुरापर्यंत ती पोहोचत नाही. अशा अनोळखी पक्षकाराशी वकिलाची गाठ घालून देणारी अधिकृत व्यवस्था अस्तित्वात असून तिच्यात सामील होण्यासाठी वकिलाला रीतसर अर्ज करावा लागतो. पुढील माहिती प्रामुख्याने महाराष्ट्रातील वकिलांसाठी आहे.

या व्यवस्थेमागचा कायदा थोडक्यात असा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आला आणि आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणालाही न्याय नाकारला जाऊ नये, हे राज्याचे कर्तव्य ठरले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये संमत झाला व ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. वकिलाचे स्वतःचे कर्तव्यही लिखित आहे. आपल्या आर्थिक परिस्थितीच्या मर्यादेत राहून निर्धन व पीडित व्यक्तीला विनामूल्य साहाय्य देणे हे वकिलाचे समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, असे भारतीय विधिज्ञ परिषदेच्या व्यावसायिक आचरणविषयक नियमांतील ४६ वा नियम सांगतो. सनद घेताना हे नियम आपण सर्वांनी स्वीकारलेले असतात, त्यामुळे या कामाकडे उपकार म्हणून पाहण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी मार्ग निवडावा

वकिलासमोर आज मुख्यतः तीन मार्ग आहेत, आणि त्यांतील फरक न समजता केलेला अर्ज पुढे अडचणीचा ठरतो.

पहिला मार्ग विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनेलचा आहे. यात प्रकरण प्राधिकरण सोपवते, पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही आणि प्राधिकरण ठरलेल्या दराने मानधन देते. हे मानधन बाजारातील फीच्या मानाने अल्प असते, तरी काम पूर्णपणे विनामोबदला नसते. दुसरा मार्ग ‘न्याय बंधू’ या उपक्रमाचा आहे. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या न्याय विभागाने २० एप्रिल २०१७ रोजी तो सुरू केला. यात वकिलाला कोणताही मोबदला मिळत नाही, म्हणून खऱ्या अर्थाने स्वेच्छेची सेवा हीच म्हणावी लागेल. तिसरा मार्ग २०२२ च्या योजनेतून उभ्या राहिलेल्या विधी साहाय्य बचाव वकील प्रणालीचा आहे. तेथील मुख्य, उप व साहाय्यक बचाव वकील पूर्णवेळ काम करतात आणि त्यांना खासगी वकिली करता येत नाही. त्यामुळे आपली वकिली सांभाळून सेवा करू इच्छिणाऱ्याने हा मार्ग धरू नये. मात्र तिचा परिणाम पॅनेलच्या कामावर झाला आहे. ही प्रणाली असलेल्या जिल्ह्यांत फौजदारी विधी साहाय्याची बरीच कामे बचाव वकिलांकडे जातात आणि पॅनेलकडे दिवाणी, कौटुंबिक, कामगारविषयक प्रकरणे अधिक येतात. एकाच गुन्ह्यातील दोन आरोपींचे हितसंबंध परस्परविरोधी असतील तेव्हा मात्र पॅनेलमधील फौजदारी वकिलाची गरज लागतेच.

पॅनेलसाठी पात्रता

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनुसार पॅनेलवर येण्यासाठी किमान ३ वर्षांचा वकिलीचा अनुभव आवश्यक आहे. अर्थात त्याआधी राज्य विधिज्ञ परिषदेची सनद हवी, आणि पदवीच्या वर्षानुसार ज्यांना अखिल भारतीय बार परीक्षा लागू होते त्यांनी ती उत्तीर्ण केलेली हवी. निवड करताना क्षमता, सचोटी, अनुभव व कामासाठीची योग्यता पाहिली जाते. गरजेप्रमाणे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, महिला व दिव्यांग वकिलांना प्रतिनिधित्व देण्याचीही तरतूद आहे.

येथे अनुभवाच्या अटीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण तरुण वकिलांना ती अन्यायकारक वाटते. गरिबाला वकील मिळाला एवढ्यावर कायदा समाधान मानत नाही. वकील सक्षम असला पाहिजे असे तो म्हणतो, आणि २०१० च्या विनियमांच्या शीर्षकातच ‘मोफत’ या शब्दाला ‘सक्षम’ हा शब्द जोडलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात घालून दिलेला दंडक तर याहून कडक आहे. ज्या खटल्यात जन्मठेप किंवा फाशीची शक्यता आहे, तेथे विधी सेवेतून नेमण्यासाठी किमान १० वर्षे वकिली झालेल्यांचाच विचार व्हावा आणि तयारीसाठी त्यांना पुरेसा, सर्वसाधारणपणे किमान ७ दिवसांचा अवधी मिळावा, असे न्यायालयाने सांगितले. त्या खटल्यात आरोपीसाठी वकिलाची नेमणूक झाली त्याच दिवशी दोषारोप निश्चित करण्यात आले होते. म्हणून अर्जात विषय निवडताना, ज्या प्रकारचे काम आपण स्वतः चालवले आहे तेवढेच लिहावे. दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, कामगार, पर्यावरण अशा विषयांची स्वतंत्र पॅनेल असू शकतात. सगळ्या रकान्यांत खूण केल्याने निवडीची शक्यता वाढते असा समज असेल तर तो सोडून द्यावा, कारण त्या खुणेची किंमत उद्या एखाद्या कैद्याला मोजावी लागू शकते.

सरकारी अभियोक्ता किंवा सरकारी वकील म्हणून नेमणूक असल्यास ती अर्जात उघड करावी. शासन ज्या प्रकरणात विरुद्ध पक्ष आहे, ते प्रकरण अशा वकिलाला स्वीकारता येत नाही.

अर्ज कोठे व कसा करावा

आपण ज्या न्यायालयात काम करतो त्यावर अर्जाचे ठिकाण ठरते. तालुका न्यायालयासाठी तालुका विधी सेवा समिती, जिल्हा न्यायालयासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तर उच्च न्यायालयासाठी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील उच्च न्यायालय विधी सेवा समितीशी संपर्क साधावा. गोव्यातील वकिलांची विधिज्ञ परिषद महाराष्ट्राबरोबर एकच असली तरी विधी सेवा प्राधिकरण स्वतंत्र आहे, त्यामुळे त्यांनी अर्ज गोव्यातच करावा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात आणि दैनंदिन कामकाज सचिव पाहतात. सचिवही न्यायिक अधिकारीच असतात. त्यांचे कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

प्राधिकरण अर्ज मागवते तेव्हा सूचना संकेतस्थळावर, न्यायालयाच्या फलकावर व वकील संघाच्या कार्यालयात लागते. मुदत अनेकदा थोडी असते. जाहिरात निघण्याची वाट न पाहता कागद तयार ठेवणे शहाणपणाचे ठरते. सहसा पुढील कागदपत्रे मागितली जातात : सनदेची प्रत व विधिज्ञ परिषदेचे ओळखपत्र, बार परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र (लागू असल्यास), विधी पदवीचे गुणपत्रक, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे, वकील संघाचा अनुभवाचा दाखला, तसेच फौजदारी खटला किंवा शिस्तभंगाची कार्यवाही प्रलंबित नसल्याचे निवेदन. यांखेरीज सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण चालवलेल्या प्रकरणांची यादी. विनियमांनुसार अर्जासोबत व्यावसायिक अनुभवाचा पुरावा, आणि तोही कोणत्या प्रकारच्या कामासाठी आपली निवड व्हावी हे लक्षात घेऊन, द्यावा लागतो. यादीत प्रकरण क्रमांक, न्यायालय, कोणत्या बाजूने हजर होतो व निकाल काय लागला हे लिहावे आणि ज्यांत स्वतः उलटतपास किंवा अंतिम युक्तिवाद केला, अशा काही निकालपत्रांच्या प्रती जोडाव्यात. वरिष्ठांच्या वकीलपत्रावर केवळ नाव असलेली प्रकरणे स्वतःची म्हणून दाखवू नयेत.

छाननीनंतर मुलाखत होऊ शकते आणि अध्यक्षांच्या मान्यतेने पॅनेल तयार होते. पॅनेलची पुनर्रचना ३ वर्षांनी होते. मात्र मुदत संपली म्हणून आधी सोपवलेले प्रकरण काढून घेतले जात नाही. पॅनेलमधूनच काही जणांची निवड रिटेनर वकील म्हणून होते आणि त्यांना प्राधिकरणाच्या कार्यालयात बसून येणाऱ्यांना सल्ला द्यावा लागतो.

‘न्याय बंधू’ नोंदणी

येथे जाहिरातीची वाट पाहावी लागत नाही. सनदधारक वकील ‘न्याय बंधू’ ॲपवर, ‘उमंग’ ॲपमधून किंवा न्याय विभागाच्या संबंधित संकेतस्थळावरून केव्हाही नोंदणी करू शकतो. नाव, मोबाईल क्रमांक, सनद क्रमांक व वर्ष, राज्य विधिज्ञ परिषद, काम करत असलेली न्यायालये व कामाचे विषय ही माहिती भरावी लागते. गरजू व्यक्तीही त्याच ॲपवर अर्ज करते आणि विषय व ठिकाण जुळले की विनंती वकिलाकडे येते. प्रकरण स्वीकारायचे की नाही हे वकील ठरवतो. नकार द्यायचा असेल तर तो त्वरित द्यावा. अर्जदाराकडे बहुधा समन्स किंवा नोटीस येऊन पडलेली असते आणि आपल्या मौनात त्याची लेखी म्हणणे देण्याची मुदत निघून जाऊ शकते.

मदत कोणाला मिळते, हे वकिलाने पाठ करावे

कायद्याच्या कलम १२ मध्ये पात्र व्यक्तींची यादी आहे आणि ‘न्याय बंधू’मध्येही तीच लागू होते. महिला, बालके, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार यांसारख्या आपत्तीने ग्रासलेले लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये, तर सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणासाठी ५ लाख रुपये आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रीला ‘तुमचे उत्पन्न जास्त आहे’ असे सांगून परत पाठवल्याचे प्रकार घडतात; ते कायद्याला धरून नाही.

उत्पन्नाच्या पुराव्याबाबतही अकारण अडवणूक होते. कलम १३ नुसार, अविश्वास ठेवण्याचे कारण नसेल तर अर्जदाराचे उत्पन्नाविषयीचे शपथपत्र पुरेसे मानता येते. तहसीलदारांचा दाखला जवळ असल्यास जरूर जोडावा, परंतु तो नाही म्हणून हातावर पोट असलेल्या माणसाला दोन दिवसांची मजुरी बुडवायला लावू नये. अर्जासोबत साधारणतः ओळखीचा पुरावा, लागू असेल तेथे जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला आणि वादाची कागदपत्रे लागतात. कोठडीतील व्यक्तीचा अर्ज कारागृहामार्फतही येतो. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, तो तोंडी हकीकत सांगू शकतो व ती लिहून घेतली जाते. चौकशीसाठी १५१०० हा विनाशुल्क क्रमांक आहे. अर्ज मंजूर झाला की कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, नकला यांचा भारही विधी सेवा संस्था उचलते.

या हक्काच्या इतिहासात महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणांचा वाटा मोठा आहे. अपील करू इच्छिणाऱ्या कैद्याला निकालाची प्रत व वकील विनामूल्य मिळाला पाहिजे, हे १९७८ मध्ये हॉसकोट प्रकरणात ठरले. मुंबईच्या कारागृहातील महिला कैद्यांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ मध्ये विधी साहाय्याचे सविस्तर निर्देश निघाले. आरोपीला प्रथम हजर करताच वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अजमल कसाबच्या अपिलात स्पष्ट केले. ज्याच्याविषयी कोणालाही सहानुभूती नव्हती अशा आरोपीच्या प्रकरणात हे ठरले, म्हणूनच त्या निर्णयाचे मोल मला अधिक वाटते.

प्रकरण हाती आल्यानंतर

नेमणुकीचे पत्र मिळताच पक्षकाराला भेटावे. तो कारागृहात असेल तर कारागृहात जाऊन भेटावे. तारखेला स्वतः हजर राहावे आणि प्रकरणाची प्रगती सचिवांना लेखी कळवत राहावी, कारण प्राधिकरणाची देखरेख समिती या अहवालांवरूनच कामाचा आढावा घेते. पक्षकाराकडून फी, टंकलेखनाचा खर्च किंवा निकालानंतरची भेट यांपैकी काहीही स्वीकारू नये. तसे आढळल्यास पॅनेलवरून नाव कमी होतेच, शिवाय विधिज्ञ परिषदेपुढे गैरवर्तनाची तक्रार होऊ शकते. पक्षकाराचे छायाचित्र किंवा प्रकरणाचा तपशील समाजमाध्यमांवर टाकून आपल्या सेवेची प्रसिद्धी करणे टाळावे. वकिलाला जाहिरात करण्यास मनाई आहे आणि गरिबाची गोपनीयता ही श्रीमंताच्या गोपनीयतेइतकीच राखायची असते.

काही कारणाने पॅनेलचे प्रकरण सोडावे लागलेच, तर कारणासह सचिवांकडे लेखी अर्ज करून परवानगी घ्यावी. परवानगी मिळून नवीन वकील नेमला जाईपर्यंत तारखा सांभाळाव्यात आणि मूळ कागदपत्रे, साक्षीपुराव्याच्या नकला व पुढील तारखेची नोंद असलेली संपूर्ण फाइल पोच घेऊन सुपूर्द करावी.