लिहिण्याची कळ

‘कळ’ हा शब्द घ्या. पोटात येते ती कळ, यंत्राची दाबतो तीही कळ. दोघांत भांडण लावून देणारा कळ लावतो. आणि कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आतच पाटावर येऊन बसलेल्या मुलीला आई म्हणते, ‘जरा कळ काढ.’

एका सकाळी शब्दकोश सहज उघडला आणि बोट नेमकं या शब्दावर पडलं. त्या दिवशी वहीत अकरा ओळी उतरल्या. सगळ्या त्या कुकरच्याच: शिट्टीसरशी भिंतीवर उमटणारा वाफेचा ओला डाग, आणि सांडशी सापडली नाही की पदरानेच कुकर उतरवणारी आई. त्याआधी कित्येक वर्षं मी ‘रोज काहीतरी लिहायचंच’ असं ठरवत होते आणि कोऱ्या पानासमोरून उठून जात होते. एका शब्दाने असं काय केलं, या कुतूहलापोटी मी मानसशास्त्रातलं संशोधन वाचायला लागले.

डेव्हिड स्विनी या संशोधकाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला यात सगळ्यात सुंदर वाटतो. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा, आणि हेरगिरीसाठी लपवलेला मायक्रोफोनही. स्विनीने लोकांना एक गोष्ट ऐकवली. त्यात खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर ‘बग’ सापडतात, म्हणजे अर्थाबद्दल शंकेला जागाच नाही. तो शब्द कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर एखादा शब्द झळकायचा, आणि तो खरा शब्द आहे की नुसती अक्षरं, हे बटण दाबून सांगायचं. ‘मुंगी’ लोकांनी चटकन ओळखला. पण ‘हेर’सुद्धा तितक्याच चटकन ओळखला! आणखी जेमतेम तीन अक्षरं ऐकून झाल्यावर हाच खेळ केला, तेव्हा ‘हेर’चा वेग ओसरलेला होता, ‘मुंगी’चा टिकून होता.

म्हणजे शब्द ऐकला की मेंदू क्षणभर त्याची सगळी दारं उघडतो आणि मग संदर्भाला नको असलेली लावून घेतो. आता माझा अंदाज सांगते: शब्दकोशातून उचललेल्या शब्दामागे वाक्यच नसतं. त्यामुळे दारं लावून घ्यायची घाईही नसते. वेदना, यंत्र, भांडण, कुकर, यातून कुठे शिरायचं ते आपलं आपण ठरवायचं. ‘काहीही लिही’ म्हटलं की मन गोठतं, आणि ‘कळवर लिही’ म्हटलं की धावायला लागतं, त्याचं कारण मला इथे दिसतं.

बंधनाने लेखन खुलतं याचा थेट पुरावाही आहे. अमेरिकेतल्या रायडर विद्यापीठातल्या कॅट्रिनेल हॉट-ट्रॉम्प यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना वाढदिवस, आभार, माफी अशा प्रसंगांसाठी दोन ओळींची यमकं रचायला सांगितली होती. काही यमकांत एक ठरावीक नाम आणायची अट होती, काहींत मोकळीक. परीक्षकांना अटीतली यमकं जास्त कल्पक वाटली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आधी अटीत लिहिलेल्यांनी नंतर मोकळेपणीही जास्त चांगलं लिहिलं.

मग राहिला प्रश्न रोजचा. ‘सुचलं की लिहीन’ म्हणणाऱ्यांनी रॉबर्ट बॉइस यांचा १९८३ मधला प्रयोग जरूर लक्षात घ्यावा. त्यांनी २७ प्राध्यापकांचे तीन गट केले. एकाने अगदी निकडीचं सोडून काही लिहायचं नाही, दुसऱ्याने मनात येईल तेव्हा लिहायचं आणि तिसऱ्याने ठरल्याप्रमाणे लिहायचंच. न लिहिल्यास त्यांचे पैसे त्यांना न आवडणाऱ्या संस्थेला जाणार! या तिसऱ्या गटाला साधारण रोज एक नवी कल्पना सुचली. मनात येईल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांतून एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांतून एक. आधी बसणं, मग सुचणं, असाच तो क्रम आहे.

बसायची सवय किती दिवसांत लागते? २१ दिवसांचा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक साधी कृती ठरलेल्या वेळी करायला लावली. कुणी जेवताना फळ खायचं, कुणी न्याहारीनंतर पाणी प्यायचं. कृती आपसूक व्हायला लागण्याचा मध्यम आकडा निघाला ६६ दिवस. एखाद्याला १८ पुरले, तर एखाद्याला, गणिताने पुढचा अंदाज बांधून, २५४ लागतील असं दिसलं. मधला एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडलं नाही. हे वाचून मला केवढा धीर आला! पूर्वी एक दिवस बुडाला की मी वहीच बंद करायचे.

पण लेखन म्हणजे पाण्याचा पेला नव्हे. हात आपसूक लिहायला लागला तर त्यात वाचण्यासारखं काय उरेल? म्हणून मानसशास्त्रज्ञ करतात तो भेद मला पटतो: एखादं काम सुरू करण्याची सवय वेगळी आणि ते काम करण्याची सवय वेगळी. सवय लावायची ती सुरुवातीची. माझ्याकडे दूध वर आलं, गॅस बंद केला, की स्वयंपाकघरातल्याच टेबलावर शब्दकोश उघडायचा. वेळ तीच, खुर्ची तीच, वहीसुद्धा तीच. बदलतो तो फक्त शब्द, आणि तो काय निघेल हे मला माहीत नसतं. या खेळाची जागा तिथे आहे.

खेळ म्हटल्यावर नियम हवेत, पण थोडेच. निघालेला शब्द बदलायचा नाही. दूध निवेपर्यंतच लिहायचं. जड शब्दापेक्षा घरगुती शब्द जास्त देतो, असा माझा अनुभव आहे: ‘पाट’ म्हणजे बसायचा, शेतात पाणी नेणारा, आणि पूर्वी बाईचं दुसरं लग्न लागायचं तोही. शब्दकोश कुठलाही चालेल. मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट चाळता येतो. त्यात म्हणी आणि बोलण्यातले वापर इतके आहेत की एका शब्दासाठी गेलेला माणूस पाच शब्द घेऊन परततो.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. मामींना पत्र लिहायला बसले तेव्हा शब्दकोश शेजारीच होता, उघडावा लागला नाही. चार पानं झाली आणि दूध केव्हाच निवलं होतं.