दीड किलोमीटर लांबीचा गज ताणतो तेव्हा

गुजरातमध्ये मेहसाण्याच्या परिसरात शेतांच्या मधोमध खनिज तेलाच्या विहिरींवर मान वरखाली करणारी लोखंडी यंत्रे दिसतात. लोक त्यांनाच पंप म्हणतात, पण खरा पंप विहिरीच्या तळाशी तेलात बुडालेला असतो. वरून शोषून घ्यायचे म्हटले, तर हवेचा दाब पाण्यालासुद्धा जेमतेम 10 मीटर चढवतो. त्यामुळे खोलातले तेल खालूनच उचलावे लागते.

रचना आपल्या हातपंपाचीच. सोलापुरात घडलेल्या ज्या हातपंपावरून पुढे 'इंडिया मार्क टू' आला, त्यातही गज, दट्ट्या आणि दोन झडपा असतात. तेलविहिरीत ट्यूबिंग नावाच्या नळीतून साधारण साडेसात मीटरचे 'सकर रॉड' नावाचे गज एकमेकांना जोडत खाली सोडतात. दट्ट्या वर येताना त्याची झडप मिटते, वरचे तेल उचलले जाते आणि तळाची झडप उघडून नवे तेल आत शिरते. खाली जाताना नेमके उलटे घडते.

मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती पोलादाचा ताण. 1500 मीटर खोलीवर 22 मिलिमीटर जाडीच्या गजांचे वजनच पाच टनांच्या आसपास भरते. त्यात सुमारे 45 मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर तेलाचा भार पडतो दोन टनांचा. एवढ्या भाराने गज 35 सेंटिमीटरहून जास्त ताणतो. हा भार गजावर आला की ट्यूबिंगवरचा उतरतो आणि तीही दहा-बारा सेंटिमीटर आखडते. म्हणजे वरचा फेरा अडीच मीटरचा असला, तरी दट्ट्याच्या वाट्याला त्यातला जवळजवळ अर्धा मीटर येतच नाही. म्हणून ट्यूबिंग खाली अँकरने, म्हणजे जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या पकडीने, ताणून धरतात.

शिवाय वरची हालचाल पोलादातून ध्वनीच्या वेगाने जाते. तळाला ती कळायला 0.3 सेकंद लागतो. त्यामुळे वर मोजलेल्या भारावरून तळाचे चित्र सरळ उमजत नाही. 1960च्या दशकात अभियंता सॅम गिब्ज यांनी तरंग-समीकरण (तरंग कसा पुढे सरकतो ते सांगणारे गणित) संगणकावर सोडवून ते काढायची वाट दाखवली. अशा काढलेल्या, तळाचा भार आणि हालचाल दाखवणाऱ्या आलेखाच्या आकारावरून ट्यूबिंगला भोक पडलेय, पंपात वायू अडकलाय की गज तुटलाय, हे विहीर न उघडता ओळखता येते.

मिनिटाला आठ फेरे धरले, तर वर्षाला 42 लाख होतात. प्रत्येक फेऱ्यात गज ताणतो, सैलावतो, ट्यूबिंगला घासतो. पंप अर्धवट भरलेला असला, तर दट्ट्या तेलावर आदळून गजांना हादरा बसतो. आताचे नियंत्रक प्रत्येक फेऱ्याचा आलेख वाचतात आणि असे दिसताच विहीर भरेपर्यंत मोटर थांबवतात.